तबकडीपासून संगणकापर्यंत : आवाजाची गोष्ट

आपल्या सुरतेतल्या मांडवात गाणी आता संगणकावरून लागतात. गेल्या वर्षी बालगंधर्वांचे पद नीट ऐकू येईना, म्हणून आम्ही आवाज वाढवला. पाठोपाठ लागलेल्या नव्या गाण्याने मुले दचकली, शेजारी खिडकीत आले. दुसऱ्या दिवसापासून 'रेकॉर्ड खराब आहे' म्हणून जुनी पदे वगळली गेली. आम्हाला ते बोचले. दोष गायकाचा नव्हता. प्रत्येक काळाने आवाज वेगळ्या मापाने साठवला होता.

१९२५ पूर्वी मुद्रण विजेविना होई. गायक कर्ण्यासमोर गात आणि त्या आवाजाच्याच जोराने सुई मेणाच्या चकतीवर खाच कोरी. पुढे मायक्रोफोन आला. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण घरोघर पोहोचले, ते या नव्या तंत्रामुळे. मग कॅसेट आली. लिंबायत-उधन्यातल्या खान्देशी घरांत अहिराणी गाणी तिच्यावरच वाजली, फितीच्या खरखरीसकट.

१९८२ मध्ये सीडी आली. डिजिटल आवाजाला वरची एक ठाम मर्यादा असते. ती ओलांडली की आवाज फाटतो. १९९० नंतर आपले गाणे इतरांपेक्षा उठावे म्हणून जगभरचे निर्माते हळू जागाही वर उचलून सगळे गाणे त्या मर्यादेला भिडवू लागले. अशा गाण्यांच्या रांगेत जुने पद दबणारच.

२००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी 'रिप्लेगेन' ही पद्धत मांडली. कानाला गाणे किती मोठे वाटते ते मोजायचे आणि वाजवताना आवाज किती कमी-जास्त करायचा, तो आकडा फाइलसोबत नोंदवायचा. मूळ मुद्रणाला हात लागत नाही. २०१० मध्ये युरोपातील प्रसारण संस्थांच्या संघानेही कार्यक्रमांचा आवाज अशाच मोजमापाने सारखा ठेवण्याची शिफारस केली.

यंदा आम्ही मंडळाच्या संग्रहाला असे आकडे लावले आहेत. जुन्यांना फार चढवले तर खरखरही चढते. म्हणून नव्यांनाच खाली आणले. गीतरामायणाच्या सगळ्या गीतांना मात्र एकच आकडा दिला, म्हणजे त्यांतले हळुवार गीत हळुवारच राहते.

घरी जुन्या फिती वा तबकड्या असतील तर सभासदांनी मंडळाकडे जरूर आणाव्यात. आवाज बारीक असला तरी चालेल.