म्हैसूरचा अभिनय आणि तंजावरचे मराठी घर

अमरुशतकातील पोपटाचा श्लोक संस्कृत वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. रात्री पतिपत्नींनी केलेल्या गुजगोष्टी घरातल्या पोपटाने ऐकलेल्या असतात आणि सकाळी वडीलधाऱ्यांच्या देखत तो त्या जशाच्या तशा बोलू लागतो. लाजेने अर्धी झालेली सून आपल्या कानातल्या अलंकाराचे माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत देते व त्याचे तोंड बंद करते. चार चरणांत एवढी कथा! ती अभिनयाने सांगावयाची म्हणजे एकाच नर्तकीने सून व्हावयाचे, पोपट व्हावयाचे, आणि भुवई किंचित उंचावून पाहणारी सासूही व्हावयाचे. श्लोक तालात बांधलेला नसतो. मृदंग गप्प राहतो, रागाची आळवणी तेवढी चालू असते, आणि एकच चरण पुनःपुन्हा गाइला जात असता दर खेपेस त्यातून निराळे चित्र उमटते. पाय जवळजवळ स्थिर असतात; हालचाल काय ती डोळ्यांची, मानेची आणि बोटांची.

असे प्रसंग हे म्हैसूरच्या दरबारी नृत्याचे खरे वैभव होते. जयदेवाच्या अष्टपदी, क्षेत्रय्याची तेलुगू पदे, कन्नड जावळ्या आणि त्यांच्या जोडीला अमरूचे श्लोक असा येथील जुन्या नर्तकींचा संग्रह असे. इतरत्र पदन्यासाची चमक जास्त दिसेल. म्हैसूरने अभिनयाला झुकते माप दिले, आणि माझ्या मते ते योग्यच केले. ह्या पंथाचे सर्वांत मोठे नाव म्हणजे जट्टी तायम्मा (१८५७-१९४७). त्यांचे वडील दासप्पा हे मल्ल होते. ज्या घरात कुस्तीचे डाव चालत, त्या घरातल्या कन्येने नजरेच्या एका फेकीत सारी कथा सांगावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. कवीश्वर गिरियप्पांकडे त्यांनी श्लोकांचा अर्थ आणि अभिनय यांचे शिक्षण घेतले. शब्द नुसता पाठ नव्हे, तर समजून घेतल्यावाचून त्यावर हात उचलावयाचा नाही, ही शिस्त तेथली.

परंतु आपण मराठी वाचकांनी ह्या परंपरेकडे थोडे निराळ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. तंजावर म्हटले की आपल्याला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, सरफोजी राजांची विद्याभिरुची आठवते. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत भरतनाट्यमचा आज रूढ असलेला क्रम बांधण्याचे श्रेय त्यांस दिले जाते. पुढे वडिवेलु त्रावणकोरास स्वाति तिरुनाळ यांच्याकडे गेले, आणि थोरले चिन्नय्या म्हैसूरास मुम्मडी कृष्णराज वडियारांच्या आश्रयाला आले. १८३१ साली इंग्रजांनी ह्या राजांच्या हातून राज्यकारभार काढून घेतला होता. कारभार गेला तरी दरबार राहिला, आणि त्या दरबाराने कलावंत व पंडित सांभाळले. इकडे सरफोजी १८३२ साली निवर्तले, आणि त्यांचे पुत्र शिवाजी राजे यांच्या निधनानंतर १८५५ साली तंजावरचे राज्यही खालसा झाले. एक घर मिटत असता त्याची विद्या शेजारच्या घरांनी उचलली.

चिन्नय्यांपासून तायम्मांपर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. म्हैसूरचे स्वतःचे गुरू होते, पंडित होते, कन्नड पदे होती. त्यांचे श्रेय तंजावरच्या खात्यावर मांडणे हा अन्याय होईल. माझा मुद्दा एवढाच की, जी विद्या आपण सर्वस्वी परकी समजून दुरून पाहतो, तिच्या वाटेवर एक मराठी घर लागते. त्या घराने ती नुसती पोसली असेही नव्हे. सरफोजी राजांच्या नावावर मराठी 'निरूपणे' आहेत. नृत्याचे निरनिराळे प्रकार एकाच कथेच्या सूत्रात ओवून, आरंभापासून अखेरपर्यंत एकच आख्यान नाचून दाखविण्याची ती योजना होती. त्यांतली भाषा मराठी. ती निरूपणे छापली गेली आहेत, पण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांना कितीशी जागा मिळते? १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेथून आपण नाटकाची मोजणी सुरू करतो. त्या प्रयोगातही सूत्रधार पदे गात असे आणि पात्रे हालचालींनी व आयत्या वेळच्या भाषणांनी कथा पुढे नेत; त्याची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ ही होती, हे आपण जाणतो. मग तंजावरच्या ह्या नृत्याख्यानांविषयी एवढे औदासीन्य का?

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या कलेवर मोठे संकट आले. म्हैसूर सरकारने १९०९ साली आपल्या ताब्यातील देवळांतून देवदासींची सेवा बंद केली. त्यामागची सुधारकांची तळमळ खोटी नव्हती. परंतु चालीबरोबर कलेचाही आधार सुटत होता. राजवाडा तेवढा उरला. त्याच सुमारास, बंजारा समाजात जन्मलेली वेंकटलक्षम्मा नावाची एक आठ वर्षांची मुलगी तायम्मांच्या हाताखाली शिकू लागली. (जन्म १९०६.) पुढे ती दरबारची विदुषी झाली. राजाश्रय संपल्यावर ह्याच वेंकटलक्षम्मांनी १९६५ साली म्हैसूर विद्यापीठात नृत्याचे अध्यापन सुरू केले आणि १९७४ पर्यंत तेथे शिकविले. १९९२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. २००२ साली त्या निवर्तल्या. उतारवयातही त्या बसल्या बसल्या, स्वतःच पद गात, अभिनय करून दाखवीत. शिष्यांनी एक ओळ मागावी, आणि तिच्यातून नायिका, सखी व न आलेला नायक अशी तिघे जण एकामागून एक त्या आसनावर येऊन बसावीत.