मीटर कोणासाठी? घरगुती विजेच्या हिशेबाचा इतिहास

थॉमस एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीजपुरवठा सुरू केला, तेव्हा विकलेली वीज मोजावी कशी हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याने बनवलेल्या मीटरमध्ये द्रावणात जस्ताचे पत्रे बुडवलेले असत. वीज जितकी वापरली जाई, तितके जस्त एका पत्र्यावरून सुटून दुसऱ्यावर बसे. कंपनीचा माणूस ठरावीक काळाने पत्रे काढून नेई, त्यांचे वजन करी आणि त्यावरून बिल निघे. पैसे भरणाऱ्याला मात्र त्या मीटरमधले काहीही वाचता येत नसे.

घरातील वीजवापराच्या व्यवस्थापनासाठी आज नवनवी यंत्रणा आखली जात आहे. ती आखणाऱ्यांनी हा जुना प्रसंग ध्यानात ठेवावा असा आहे. मीटर हे वसुली करणाऱ्याचे साधन की वापरणाऱ्याचेही, हा त्यातला मूळ प्रश्न आजही कायम आहे.

हंगेरीच्या ओटो ब्लाथी याने १८८९ मध्ये प्रत्यावर्ती विजेसाठी प्रेरण-मीटर सिद्ध केला. पुढे अनेक दशके आपल्या घराघरांत दिसलेला फिरत्या चकतीचा मीटर हा त्याचाच वंशज. कलकत्त्यात १८९९ साली सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला आणि पुढे शहरोशहरी हा मीटर पोहोचला. त्याचा मोठा गुण असा की, तो सर्वांसमोर फिरे. घरातील सर्व दिवे बंद करूनही चकती फिरत राहिली, तर कुठेतरी वीज गळते आहे, हे अल्पशिक्षित गृहिणीलाही कळे. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये चकतीच्या जागी मिचकावणारा लाल दिवा आला. मोजमाप सुधारले, पण घरच्या माणसाची समज एक पायरी मागे गेली.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५५ ने दोन वर्षांच्या आत सर्व पुरवठा मीटरद्वारेच व्हावा असे बंधन घातले. त्यामागे मुख्य चिंता वीजगळतीची आणि वितरण कंपन्यांच्या तोट्याची होती, आणि ती रास्तच होती. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ ची वाट मात्र निराळी होती. त्यान्वये २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ मध्ये उपकरणांवर तारांकित पट्टी आली. ग्राहकाला युनिटचे शास्त्र शिकवत न बसता, दुकानात निवड करण्याच्या नेमक्या क्षणी जास्त तारे म्हणजे कमी बिल एवढेच तिने सांगितले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी दिवे घाऊक खरेदीमुळे स्वस्त झाले आणि ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. दोन्ही उपक्रम यशस्वी झाले ते लोकांना लाभ डोळ्यांनी दिसला म्हणून.

२०२१ मध्ये केंद्राने सुमारे ३ लाख कोटी रुपयांची सुधारित वितरण क्षेत्र योजना मंजूर केली आणि २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे लक्ष्य ठेवले. त्याआधीच एक इशारा मिळालेला होता. १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात स्मार्ट मीटर असलेल्या लाखाहून अधिक घरांची वीज एकाएकी गेली आणि राज्याला मीटर बसवण्याचे काम थांबवावे लागले. २०२४ च्या मे महिन्यात बडोद्यात, जिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतरच्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचे जाहीर केले.

या रोषाला अज्ञान म्हणणे सोपे आहे, पण त्याचे मूळ कायद्याच्या बदललेल्या अर्थात आहे. २००३ च्या अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीदाराचीही वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ग्राहक हक्क नियम, २०२० मध्ये मात्र असे म्हटले आहे की, प्रीपेड मीटरमधील रक्कम संपून वीज थांबली तर तिला जोडणी तोडणे समजू नये. पंधरा दिवसांची ती उसंत एका वाक्याने संपली. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला ही उसंत किती मोलाची असते, हे वेगळे सांगायला नको.

स्मार्ट मीटर नकोत, असा याचा अर्थ नव्हे. सौर विजेमुळे दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग होत जाणार. २०२३ च्या नियमदुरुस्तीने सौर तासांत किमान २० टक्के कमी दर अपेक्षिला आहे, आणि त्याचा लाभ तासागणिक मोजणाऱ्या मीटरविना देता येत नाही. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट संपते. ७५ वॅटचा पंखा त्याच युनिटवर तेरा तास फिरतो. ही तुलना त्या घराच्या स्वतःच्या आकड्यांत, रुपयांत आणि मातृभाषेत त्याच दिवशी समोर आली, तर सवयी आपोआप बदलतील.

म्हणून आखणी करताना काही पथ्ये पाळावीत. स्मार्टफोन नसलेल्यालाही आकडा दिसावा. रक्कम संपण्याआधी पुरेशी सूचना मिळावी, आणि रात्री किंवा सुटीच्या दिवशी वीज थांबू नये. शंका आल्यास तपासणी मीटर बसवून घेण्याचा हक्क २०२४ च्या दुरुस्तीने दिला आहे. तो मीटर बसवतानाच ग्राहकाला सांगावा. घरात केव्हा माणसे जागी असतात हेसुद्धा कळवणारी ही माहिती मूळची त्या घराची आहे, हे कागदावर स्पष्ट असावे.

एडिसनचे जस्ताचे पत्रे कंपनीच्या कार्यालयात तोलले जात. आजचे आकडे दूरच्या संगणकात तोलले जातात. ग्राहकाला ते वाचता आले नाहीत, तर सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण पुन्हा तिथेच येऊन पोहोचलो असे म्हणावे लागेल.