मोगरा मूळचा कुठला?

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत मोगऱ्याचं नाव ‘अरेबियन जॅस्मिन’ असं छापलेलं असतं. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न कोकणी मुसलमानाला नवा नाही. म्हणून मोगऱ्याचं हे अरबी आडनाव मला तपासून पाहावंसं वाटलं.

शास्त्रीय नाव ‘जॅस्मिनम सॅम्बॅक’. त्यातलं ‘सॅम्बॅक’ अरबी ‘झंबक’वरून आलं. मध्ययुगीन अरबी वैद्यकात हे जाईजुईच्या जातीच्या फुलांनी वासवलेल्या तिळाच्या तेलाचं नाव होतं. म्हणजे तेलाचं नाव फुलाला चिकटलं! खुद्द अरब या फुलाला ‘फुल्ल’ म्हणतात. लिनियसने १७५३ साली मोगऱ्याला चक्क प्राजक्ताच्या प्रजातीत बसवलं. १७८९ साली एटनने तो जाईजुईच्या प्रजातीत आणला. झुडूप मात्र आपल्याच उपखंडातलं. ‘मोगरा’ हा शब्द संस्कृत ‘मुद्गर’वरून आलाय, ठोकायच्या लाकडी मोगरीचं नावही त्यातूनच निघालं. टपोरी कळी हातात घेतली की साम्य कळतं. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सुगंधी फुलांच्या यादीत मोगरा आहे, आणि त्याच्या मते तो रायबेलपेक्षा मोठा, पण वासाला कमी. हे मत मला मान्य नाही.

पुढे हेच झुडूप पूर्वेकडे इतकं रुजलं, की १९३४ साली फिलिपिन्सने त्याला राष्ट्रीय फूल केलं. तिथे कुणी त्याला परका म्हणत नाही.

नवी मुंबईत १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने बैठी घरं बांधली, त्यांच्यापुढे वीतभर अंगण ठेवलं. आता शेजारी इमारती उठल्या, अंगणात दुपारनंतर सावली. मोगरा तिथेही जगतो, पण नुसता पाला वाढवतो. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा त्याला द्यावी. माझा अनुभव असा: जानेवारीत पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, फेब्रुवारीत छाटणी करून शेणखत घालायचं आणि मगच भरपूर पाणी. चैत्रात कळ्या धरतात. भिंतीला चुना लावलेला असेल तर उजेड परतून झाडावर पडतो, तेवढाही उपयोगी पडतो.

सेहऱ्यापुरता मोगरा कुंडीत होत नाही. त्यासाठी दादरचा फुलबाजार गाठावा लागतो. तिथे जव्हार-विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या कळ्याही येतात. निकाहाचा सेहरा आणि देवळातला हार एकाच टोपलीतून निघतात.