सायकल आणि कामगाराचे पोट

वजन उतरविण्यासाठी सायकल चालवा, असे डॉक्टर आज सर्रास सांगतात. हा सल्ला आम्ही सभासदांपुढे ठेवला की ते हसतात. ज्यांच्या वडिलांनी पोटासाठी जन्मभर सायकल हाणली, त्यांनी आता पोट कमी करण्यासाठी ती हाणायची, याची त्यांना गंमत वाटते. पण या गमतीमागे इतिहास आहे.

१८८५ साली इंग्लंडात कॉव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल काढली. तीन वर्षांनी बेलफास्टच्या डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्यापूर्वी उंच चाकावरून डोक्यावर आपटण्याची हौस धडधाकट तरुणांनीच करावी. आता पोट सुटलेले गृहस्थही स्वार होऊ लागले. टॉलस्टॉय १८९५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी सायकल शिकला. डॉक्टरांत मात्र दुफळी होती. कोणी मेदावर उतारा म्हणून सायकल वाखाणली, कोणी पाठीला बाक येतो, चेहरा विद्रूप होतो, अशी भीती घातली. स्त्रियांना ती अधिक घातली गेली, हे सांगायला नकोच.

याच काळात कामगारही सायकलीवर आला. १८९४ साली बर्मिंगहॅमच्या समाजवादी तरुणांनी 'क्लॅरियन' या पत्राच्या नावाने सायकल क्लब काढला. सुटीच्या दिवशी खेडोपाडी पत्रके वाटायची आणि मोकळी हवा खायची, हा त्यांचा कार्यक्रम. त्यांना मेदाची चिंता नव्हती. अंगमेहनतीचे काम मेद चढूच देत नव्हते.

मेद कामगाराच्या घरी शिरला तो बैठ्या कामाबरोबर. याचा पुरावा लंडनच्या बसगाड्यांत सापडला. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाहतूक खात्यातील सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारांची नोंद तपासली आणि १९५३ साली 'लॅन्सेट' मध्ये निष्कर्ष छापले. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच वर्गातले. पण ड्रायव्हर पाळीभर बसून, तर कंडक्टर दुमजली बसच्या शेकडो पायऱ्या रोज चढणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला, आणि झाला तरी त्यात लवकर मरण येण्याचे प्रमाणही कमी. कोणी म्हणेल, ड्रायव्हर मुळातच जाडे असतील. म्हणून या मंडळींनी १९५६ साली गणवेशांची मापे काढली. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर खरोखरच मोठी होती, तरुण वयातसुद्धा. परंतु पुढे असे दिसले की सुटलेल्या पोटाचा कंडक्टरही ड्रायव्हरपेक्षा सुरक्षितच. विजारीचे माप हे सर्वस्व नव्हे, हालचाल महत्त्वाची, हा धडा आम्हाला वजनकाट्यापेक्षा मोलाचा वाटतो. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

१९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. पॉल डडली व्हाइट हे सायकलीचे मोठे पुरस्कर्ते होते आणि स्वतःही ती चालवीत.

जाड्या माणसाला सायकल सोयीची, कारण शरीराचा भार बैठकीवर राहतो, गुडघ्यांवर पडत नाही. हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडावा. ७० किलोचा माणूस बेताच्या वेगाने तासभर सायकल चालवून सुमारे ४०० ते ५०० कॅलरी खर्च करतो. वाटेत दोन वडापाव खाल्ले की जमाखर्च सारखा. वजन महिन्यामहिन्याने उतरते. छातीत दुखणाऱ्याने आधी डॉक्टरकडे जावे, मग दुकानात.

आपल्याकडे पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. मग स्कूटर आली, मोटारसायकल आली, आणि सायकल घराच्या मागल्या अंगाला गंजत पडली. कामगार आळशी झाला असे म्हणणाऱ्यांनी बारा तासांची पाळी करून, ट्रकांच्या गर्दीतून, अंधारात दहा किलोमीटर सायकल चालवून पाहावी. आठ तासांचा दिवस आणि धड रस्ता यांच्यावाचून हा व्यायाम फुरसतवाल्यांपुरताच राहतो.

एका कारखान्यात आम्ही करारात दोन मागण्या घातल्या: सायकलींसाठी छप्पर आणि घामेजून येणाऱ्यांसाठी नहाणीघर. व्यवस्थापकांनी विचारले, हा पगाराचा प्रश्न आहे काय? आम्ही त्यांच्यापुढे लंडनच्या विजारींची मापे ठेवली. छप्पर मिळाले आहे. नहाणीघर पुढच्या करारात.