बर्फाचा पाऊस आणि दारावरची थाप

मंडळी, बर्फाचं वादळ म्हटलं की आपल्यासारख्या पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातलं काश्मीर येतं. भुरभुरणारा पांढरा बर्फ, शाल, वाफाळता चहा वगैरे. ५ जानेवारी १९९८ ला कॅनडाच्या क्विबेक प्रांतात जे सुरू झालं ते असं अजिबात नव्हतं. तिथे चक्क पाऊस पडत होता!

भानगड अशी होती की वर हवेचा उबदार थर होता आणि जमिनीलगत शून्याखालची थंडी. पाऊस खाली येईपर्यंत पाणीच राहायचा, पण तारेला, फांदीला, छपराला टेकला की तिथेच गोठायचा. हे तास-दोन तास नाही, १० जानेवारीपर्यंत थांबत-थांबत चालू होतं. काही भागांत एकूण १०० मिलिमीटरच्या आसपास असा पाऊस झाला. तारांवर मनगटाएवढा जाड बर्फ चढला आणि विजेचे पोलादी मनोरे पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. एक-दोन नाही, हजाराच्या घरात. लाकडी खांब तर तीस हजारांहून जास्त. एकट्या क्विबेकमध्ये सुमारे १४ लाख ग्राहकांची वीज गेली. ग्राहक म्हणजे मीटर, माणसं त्याच्या दुपटीहून जास्त. माँट्रियलच्या दक्षिणेकडच्या काही घरांत दिवे लागायला फेब्रुवारी उजाडला.

आता आपल्याला वाटतं, वीज गेली तर गेली, मेणबत्ती लावू. पण क्विबेकमध्ये नद्यांवरची धरणं भरपूर, वीज स्वस्त, म्हणून बहुतांश घरं गरमही विजेवरच होतात. म्हणजे दिवे, स्वयंपाक आणि ऊब, तिन्ही एकाच वायरवर. आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. ९ जानेवारीला तर माँट्रियलचे पाणी शुद्ध करणारे कारखानेही विजेअभावी बंद पडले. ज्यांच्याकडे जुन्या पद्धतीची लाकडाची शेगडी होती त्यांच्या घरी शेजारीपाजारी मुक्कामाला आले.

या सगळ्यात सर्वांत बिकट अवस्था होती म्हाताऱ्या माणसांची, आणि त्यातही एकट्या राहणाऱ्यांची. वय झालं की शरीराचा थर्मोस्टॅट ढिला पडतो. थंडीने हुडहुडी कमी भरते, कातडीखालच्या रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या आकसत नाहीत आणि मुख्य म्हणजे थंडी वाजतेय हेच उशिरा कळतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. मग माणूस बोलताना अडखळतो, गोंधळतो, पेंगतो. बघणाऱ्याला वाटतं, वयामुळे असेल. यासाठी बाहेर बर्फात पडून राहावं लागत नाही. गार पडलेल्या घरात, आरामखुर्चीत बसल्या-बसल्याही होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं सुचवलं, आणि वृद्धांसाठी त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलं.

दुसरा शत्रू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. ना रंग, ना वास. ऊब मिळावी म्हणून लोकांनी बार्बेक्यू घरात आणले, जनरेटर गॅरेजमध्ये लावले. त्या वादळात कॅनडामध्ये पंचवीसहून जास्त माणसं दगावली. काही थंडीने, काही छपरावरून पडलेल्या बर्फाने, काही आगीने आणि काही या वायूने.

मग शाळा-हॉलमध्ये निवारे उघडले. तिथे ऊब होती, सूप होतं, खाटा होत्या. तरी अनेक म्हातारी माणसं घर सोडेनात. तुमच्या आजीला विचारा, ती का सोडणार नाही. घर उघडं टाकायचं कसं? मांजराचं काय? परक्या लोकांत झोपायचं? आणि सगळ्यांत मोठं कारण, 'उगाच कुणाला त्रास नको.' शेवटी पोलीस आणि सैनिक घरोघर फिरले. त्या वादळात कॅनडाने पंधरा हजारांहून जास्त सैनिक उतरवले होते. त्यांनी मनोरे हटवले, रस्ते मोकळे केले, पण त्यांचं सर्वांत साधं काम मला सर्वांत मोठं वाटतं. दार ठोठावायचं आणि आत कोण आहे, कसं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

वादळानंतर चौकशी आयोग बसला, मनोरे मजबूत झाले, पर्यायी लाइन टाकल्या, तारांवरचा बर्फ वितळवणारी यंत्रणा उभी राहिली. अगदी व्यवस्थित पोस्टमॉर्टेम. आणि एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा तसाच पाऊस आला, पुन्हा दहा लाखांहून जास्त ग्राहक अंधारात. या वेळी वीज बरीच लवकर आली. पण गॅरेजमधल्या जनरेटरने पुन्हा एका वृद्ध माणसाचा जीव घेतला. हार्डवेअर सुधारलं, बाकीचं आहे तिथेच!

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपल्यातल्या कितीतरी जणांचे आई-बाबा दर वर्षी सहा महिने टोरांटो नाहीतर न्यू जर्सीला असतात, काहींचे तिथेच स्थायिक झालेत. मुलगा-सून ऑफिसात अडकले, रस्ते बंद, वीज गेलेली, आणि घरात पंख्याच्या देशातून आलेली दोन माणसं. वादळाचा इशारा आला की त्यांच्यासाठी तीन दिवसांची औषधं, पाणी, न शिजवता खाता येईल असं काही, टॉर्च आणि चार्ज केलेली पॉवर बँक काढून ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालतोय ना ते बघा. वीज गेली तर सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचं, दाराच्या फटीत टॉवेल, अंगावर एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर. शेगडी किंवा जनरेटर घरात नाही म्हणजे नाही. ऑक्सिजनचं मशीन असेल तर वीज गेल्यावर काय करायचं हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि एक शेजारी ठरवून ठेवा. फोनवर "बाबा, बरं आहे ना?" विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "आमचं छान चाललंय, तू काळजी करू नकोस." म्हणून सकाळ-संध्याकाळ प्रत्यक्ष दार वाजवणारं कुणीतरी हवं. त्याला बॅकअप नाही.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.