सुट्टी आणि विसावा

'सुट्टी' हा शब्द 'सुटणे' ह्या क्रियापदाच्या घरातला आहे. गुरे दावणीतून सुटतात, शाळा सुटते, गिरणी सुटते. सुटावयाचे म्हणजे आधी कोठे तरी बांधलेले असावे लागते. म्हणून सुट्टीचा इतिहास सांगताना माणूस कशाकशाला बांधला गेला होता, हेही सांगावे लागते. दिवाळी किंवा मे महिना संपला की आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात, "सुट्टी झाली, पण दमून गेलो बुवा." सुट्टी मिळूनही विसावा का मिळत नाही, हा आजचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मी इतिहासाकडे मागणार आहे. ज्या व्याख्यानमालेच्या प्रथेने आपण येथे जमलो, तीही सुट्टीचेच अपत्य आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती उन्हाळ्याच्या दिवसांतील मोकळा वेळ चार माणसांनी एकत्र बसून सत्कारणी लावावा म्हणून. त्या पिढीला सुट्टी म्हणजे नुसते पडून राहणे वाटत नव्हते.

आपल्या माकुणसार, केळवे, सफाळे ह्या पट्ट्यात सुट्टी देणारा पहिला धनी म्हणजे निसर्ग. ज्येष्ठ लागला की समुद्र खवळतो. सातपाटीसारख्या गावी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि दर्यावर जाणे थांबते ते नारळी पौर्णिमेपर्यंत. माशांच्या विणीचा हाच काळ असल्यामुळे अलीकडे सरकारनेही १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी घातली आहे. जुन्या रूढीला मिळालेले हे कायद्याचे रूप म्हणावयास हरकत नाही. अर्थात ह्या दिवसांत कोणी झोपून राहत नसे. जाळी विणावयाची, फाटलेली सांधावयाची, साठवलेली सुकट विकावयाची, अशी कामे असतच. परंतु त्यांचा वेग वेगळा. त्यांत गप्पा चालत, नातवंडे भोवती असत. आणि शेजारी काम करतो आहे व आपण मागे पडलो, ही धास्ती नसे, कारण दर्या सगळ्यांनाच बंद असे.

दुसरा धनी म्हणजे देव, आणि त्याने नेमून दिलेला वार. देशावर पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत. जुन्या पाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी अशा तिथींना अनध्याय असे, म्हणजे त्या दिवशी गुरूही मोकळा आणि शिष्यही मोकळा. आणि घरातल्या बाईचे काय? माकुणसारहून जवळच असलेल्या केळव्याच्या किनाऱ्यावर शीतलादेवीचे देऊळ आहे. ही देवी देवीच्या रोगाची. जगातून तो रोग नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले, परंतु देवीचे व्रत राहिले. श्रावणातल्या शिळासप्तमीला चूल पेटवावयाची नाही, आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न खावयाचे, असा तो नेम. नागपंचमीलाही चिरणे, कापणे, तळणे वर्ज्य. ह्या नेमांचा धार्मिक अर्थ काही असो, त्यांचा एक व्यावहारिक परिणाम झाला. वर्षातून एखाददुसरा दिवस तरी चुलीला विसावा मिळाला, आणि तो मागून घेण्याची पाळी बाईवर आली नाही. सासूचेही बोलणे नाही, कारण देवीची आज्ञा सासूलाही लागू होती.

परंतु जुन्या काळाचे गोडवे गाऊन थांबलो तर ते खरे होणार नाही. निसर्गाने दिलेली सुट्टी ज्याच्या कणगीत दाणे त्यालाच सुखाची. आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत पावसाळा म्हणजे वारल्यांच्या घरी उपासमारीचे दिवस. तेव्हा सावकाराकडून खावटी काढावयाची आणि भात निघाले की कितीतरी वाढवून फेडावयाची. त्याहून भयंकर होते लग्नाचे कर्ज. दोन दिवसांचा आनंद साजरा करावयाचा म्हणून जमीनदाराकडून शे-दोनशे रुपये घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी राबावयाचे. ते बहुधा फिटतच नसत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. एका समारंभाने सारे आयुष्य बांधले जावे, ह्यापेक्षा उत्सवाची विटंबना ती कोणती?

ही गाठ सुटली ती माणसे एकत्र आली तेव्हा. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असा निर्धार तेथे झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडे येथे गोळीबार होऊन पाच आदिवासी बळी पडले, तरी चळवळ मागे हटली नाही. गोदावरीबाईंनी पुढे हा सगळा वृत्तान्त 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहून ठेवला.

आता तिसऱ्या धन्याकडे वळू. तो म्हणजे घड्याळ आणि गिरणीचा भोंगा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांना ना पावसाळा, ना तिथी. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत यंत्र चाले आणि त्याबरोबर माणूस चाले. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या आणि त्यांचे काम नऊ तासांवर आणले. मोठ्या माणसांसाठी त्यात काहीच नव्हते. तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक पुढे आले. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सरकारच्या आयोगाकडे दिले. त्यातल्या मागण्या पाहा : रविवारी सर्वांना सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार ठरलेल्या वेळी, आणि कामावर इजा झाल्यास भरपाई. मोठे पुढारीपण करणाऱ्या ह्या माणसाला दुपारचा तो अर्धा तास क्षुल्लक वाटला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आली, १९११ मध्ये गिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास व वर्षाची पगारी रजा ठरली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचे चोविसावे कलम म्हणते की विश्रांती आणि पगारी सुट्टी हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. आपण कॅलेंडरात लाल आकडा पाहून खूष होतो. तो आकडा लाल व्हावयास झगडावे लागले.

श्रोतेहो, ह्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, विसावा सर्वांना एकदम मिळाला तर तो मनाला लागतो. दर्या सर्वांना बंद असतो तेव्हा मन निर्धास्त असते. आज तसे राहिलेले नाही. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले आणि पुढे औद्योगिक वसाहत आली. दिवाळीच्या रात्री आपल्या घरी दिवे लागतात, कारण कोणी तरी त्या वेळी पाळीवर असतो. त्याची दिवाळी आणि आपली दिवाळी एका दिवशी येत नाही. अशा घरी सण एक दिवस पुढे करून साजरा केला, तर देव खचित रागावणार नाही.

दुसरी गोष्ट, ऋण काढून केलेला सण विसावा देत नाही. लग्नगड्याचा काळ गेला, परंतु हप्त्यावर घेतलेली सहल आणि उसनवारीवर केलेला थाट आपल्याला अजून भुलवतो. सुट्टी आठ दिवसांची आणि फेड वर्षभराची. रात्री झोप लागत नाही ती त्यामुळे. ऐपतीत बसेल तेवढाच समारंभ करण्याचे धैर्य घरातील वडील माणसांनी दाखवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लोखंड्यांनी गिरणी बंद करविली, कायद्याने कचेरी बंद केली, परंतु स्वयंपाकघर बंद करण्याचा कायदा कोणी केला नाही. २०२४ च्या सरकारी पाहणीत असे आढळले की घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी २८९ मिनिटे त्यात जातात, आणि जो पुरुष घरकाम करतो त्याची ८८. सुट्टीत तर मुंबईची मंडळी गावी येतात, पंगती वाढतात, फराळाचे डबे भरावयाचे असतात. बाकीच्यांची सुट्टी सुरू होते आणि तिचे काम दुप्पट होते. मग तिची चिडचिड झाली की घरातला प्रत्येकजण म्हणतो, सणासुदीला हे काय? घरातल्या ह्या ताणाचे औषध आधी चुलीपाशी शोधावे.

म्हणून माझी विनंती साधी आहे. येत्या सुट्टीत प्रत्येक घराने एक दिवस शिळासप्तमीसारखा पाळावा. व्रत म्हणून पाळा की समजूत म्हणून पाळा. आदल्या दिवशी सर्वांनी हात लावून रांधावे, पुरुषांनीही, आणि दुसऱ्या दिवशी चूल थंड ठेवावी. रोज दुपारी अर्धा तास घरातल्या कोणालाही कोणी हाक मारू नये. गिरणीतल्या मजुराने हा अर्धा तास १८८४ साली मागितला होता. आपल्या घरातल्या माणसाला तो देण्यासाठी आपल्याला सभा भरवावी लागू नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आपली रजा घेतो.