गाय कुठे बांधायची?

भोला चक्रीवादळाबद्दल वाचताना मी दोन आकड्यांपाशी अडकले. वादळ होऊन गेल्यावर किनाऱ्यावर पाहणी झाली. वादळ येणार हे नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना आधीच ठाऊक होतं, असं तीत दिसलं. पक्क्या इमारतीत आसऱ्याला गेलेले मात्र जेमतेम एक टक्का होते.

तारीख १२ नोव्हेंबर १९७०. ठिकाण तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश. रात्री भरती आणि वादळ एकाच वेळी आलं आणि गंगा-मेघनेच्या मुखावरची सखल बेटं समुद्राखाली गेली. तीन ते पाच लाख माणसं मेली. नेमका आकडा कुणालाच देता आला नाही, कारण मोजायला घरंच उरली नव्हती. तजुमुद्दीन या एका तालुक्यात सुमारे १ लाख ६७ हजार वस्ती होती. त्यातले ४५ टक्के लोक गेले.

पुढचा भाग इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो. याह्याखानच्या सरकारने मदतीत केलेली दिरंगाई, डिसेंबरच्या निवडणुकीत अवामी लीगचा प्रचंड विजय, १९७१चं युद्ध. मला मात्र त्या नव्वद आणि एकच्या मधल्या जागेत काय होतं, ते बघायचंय.

एक तर जायला जागाच फार नव्हती. पक्की घरं बोटांवर मोजण्याइतकी. दुसरं म्हणजे ऑक्टोबरमध्येच एका वादळाचा इशारा झाला होता आणि ते त्या मानाने सौम्य निघालं होतं. तिसरं कारण इशाऱ्याच्या भाषेत होतं. कोकणात ‘बंदराला तीन नंबरचा बावटा लागला’ असं आपण ऐकतो ना, त्याच घराण्यातली ती पद्धत. इंग्रजी अमलात जहाजांसाठी तयार झालेली. तिच्यात पाच, सहा आणि सात हे आकडे सारख्याच तीव्रतेचे असतात. वादळ बंदराच्या कोणत्या अंगाने जाणार की थेट बंदरावरून जाणार, एवढाच त्यांच्यात फरक. कप्तानाला ही माहिती सोन्यासारखी. भातशेती करणाऱ्याला काय कळणार? सातपेक्षा पाच बरा, असंच तो समजणार.

आणि चौथं कारण गाय. तुमची सगळी मिळकत म्हणजे एक झोपडी, दोन गुरं आणि थोडं भात असेल, तर रेडिओ काहीही म्हणो, तुम्ही त्यांना सोडून जाल का? मी नसते गेले. त्या लोकांना अडाणी ठरवणारे लेख मी वाचलेत. मला त्यांचा हिशेब चोख वाटतो. वादळ येईल किंवा येणार नाही. पण गाय बुडाली किंवा चोरीला गेली, तर पुढचं वर्ष उपाशी काढायचं हे नक्की.

देश स्वतंत्र झाल्यावर, १९७२ साली, रेड क्रॉसने तिथे चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम सुरू केला. पुढच्या वर्षी सरकारही त्यात भागीदार झालं. गावागावात बिनपगारी स्वयंसेवक नेमले. कुणीतरी बाहेरून येऊन ‘पळा’ म्हणण्याऐवजी गावातलाच ओळखीचा माणूस सायकलवरून, हातात कर्णा घेऊन सांगणार. बावट्यांचं गणितही सोपं केलं: एक झेंडा, दोन झेंडे, तीन झेंडे. जितके झेंडे जास्त, तितका धोका मोठा. वादळ नसतानाच्या दिवसांत गावात नाटकं करायची, सराव करायचे.

आणि गुरांसाठी मातीचे उंच ढिगारे रचले. त्यांना तिथे ‘किल्ला’ म्हणतात. आपल्या मराठी कानाला गंमत वाटते, कारण या किल्ल्याला ना तट ना बुरूज. वर उभ्या राहतात त्या गाई. पण गायीला जागा मिळाली, की मालकाचे पाय उचलतात.

हल्ली याला ‘एकात्मिक जोखीम व्यवस्थापन’ असं जडजंबाल नाव आहे. एकट्या वादळाचा विचार न करता घर, गोठा, शाळा, रस्ता, निरोप या सगळ्याचा एकत्र विचार करायचा, इतकाच त्याचा अर्थ.

तरी एक गोष्ट सुटली होती. ती २९ एप्रिल १९९१च्या रात्री चट्टग्रामच्या किनाऱ्यावर दिसली. या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक गेले. वीस ते चव्वेचाळीस या वयोगटात हजारी मृत्यू पुरुषांत १५ आणि बायकांत ७१ होते. दोघांचं वादळ एकच होतं. पण नवरा घरी नसताना बाहेर कसं पडायचं? परक्या पुरुषांनी भरलेल्या एकाच खोलीत, जिथे वेगळा संडासही नाही, तिथे रात्र कशी काढायची? कडेवर मूल, हाताला दुसरं, पाण्यात पायांत गुंतणारी साडी. १९७०च्या पाहणीतही बायका, मुलं आणि म्हातारे जास्त गेल्याचं आलं होतं. ते आकडे वीस वर्षं उपलब्ध होते, याचा मला राग येतो.

त्यानंतर बदल झाले. निवारे वाढले, त्यात बायकांसाठी वेगळी जागा आली. एरवी त्याच इमारतीत शाळा भरते, त्यामुळे ती ओळखीची राहते आणि पडीकही होत नाही. पुढे पथकांत निम्म्या जागा बायकांना मिळाल्या. ‘चल, मी आहे’ असं शेजारीण म्हणाली, की परवानगीचा प्रश्न बराच सैल होतो.

नोव्हेंबर २००७मध्ये सिद्र आलं. सुमारे ३,४०० मृत्यू झाले. मे २०२०मध्ये, ऐन करोनात, अम्फान आलं. वीस लाखांहून जास्त माणसं हलवली गेली आणि बांगलादेशातले मृत्यू दोन डझनांच्या आसपास राहिले. सगळं श्रेय स्वयंसेवकांना देता येणार नाही. उपग्रह आले, बांध आले, रस्ते झाले, हातोहाती मोबाइल आले. शिवाय प्रत्येक वादळाचा जोर आणि जागा वेगळी. पण उपग्रहाला गाय दिसत नाही.

अम्फाननंतर दोनच आठवड्यांनी, ३ जून २०२०ला, निसर्ग वादळ आपल्याकडे श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं. आधी लोकांना हलवलं होतं, त्यामुळे माणसं बरीच वाचली. नारळी-पोफळीच्या वाड्या मात्र आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला कितीतरी वर्षं जातात, आणि वाडी कुठल्याही किल्ल्यावर नेऊन बांधता येत नाही.